मनाचा डॉक्टर कुणाच्या बापाचा?

दोस्तहो, मी गोदीत ओझं उचलतो. पाठ भरली तर मलम मिळतं. मन मोडलं की आमच्या दारव्ह्यात अजून म्हणतात, 'बाहेरचं झालं'. मग देवऋषी, लिंबू, कोंबडं. सगळा दोष भुताचा! सावकाराचं कर्ज, बेकारी, जातीचा रोजचा डंख, यांना कुणी भूत म्हणत नाही.

कागद भरपूर आहेत. शेतकरी आत्महत्यांसाठी २०१५ ला 'प्रेरणा प्रकल्प' आला, त्यात यवतमाळ जिल्हा आहे. २०१७ चा कायदा म्हणतो, मनाचा सरकारी उपचार हा हक्क. २०२२ पासून 'टेलिमानस' आहे, १४४१६ फिरवा, फुकट बोला. जरूर बोला. पण फोनच्या पुढं काय? नागपूरचं मनोरुग्णालय दारव्ह्याहून दीडशे किलोमीटरच्या पलीकडं. मजुरी बुडवून माय पोराला कितीदा नेईल?

डॉक्टर कमी आहेत, म्हणतात. झिम्बाब्वेत तर बोटावर मोजण्याइतकेच होते. तिथं डॉ. डिक्सन चिबांडांनी २००६ पासून हरारेच्या आज्यांना शिकवलं. दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसून त्या दुःख ऐकतात, वाट काढायला मदत करतात. २०१६ ला अभ्यासातून दिसलं, लोकांचं नैराश्य खरंच उतरलं.

आमच्या वस्तीत काय आज्या नाहीत? त्यांना शिकवा, पगार द्या, बाकडं टाका. वर तालुक्याला डॉक्टर बसवा. गोळीही द्या. पण ज्यानं जात भोगली त्याला 'जात मनावर घेऊ नको' असं सांगणारा सल्लागार आम्हाला नको!

भीक नाही, कायद्यातला हक्क मागतोय.