बिनशेपटीचा आनंद

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं म्हणतात. आमच्या फायनल इयर प्रोजेक्टच्या कुत्र्याला शेपूटच नव्हतं, तरी घोळ झालाच!

चार पाय, प्रत्येक पायात तीन मोटरी. चालायला लागला, वळायला लागला, आम्ही खूश. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ‘आनंद’ टाकायचा राहिलाय हे लक्षात आलं, म्हणून मागच्या बॅचच्या मॉडेलचे कोन जसेच्या तसे उतरवले. पुढचे पाय वाकवायचे, मागचा भाग वर; खेळायला बोलावणारा कुत्रा करतो तसं. पण त्या मॉडेलला मान होती, ते वाकूनही वर बघायचं. आमच्याला मानच नाही, तोंड थेट जमिनीत! एका चिमुरडीने विचारलं, “आई, हा ओकतोय का?”

सगळे हसले. मला मात्र लागलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: भाव कॉपी करता येत नाहीत. ते प्रत्येक शरीरासाठी नव्याने बसवावे लागतात.

सोनीचा आयबो बघा. १९९९च्या पहिल्या मॉडेलला १८ सांधे होते, शेपटी हलायची. २०००च्या ईआरएस-२१० मध्ये कानही हलू लागले. २००१च्या ईआरएस-२२० ला मात्र हलते कान नाहीत, हलती शेपटी नाही. सांधे १६ आणि बरीचशी भिस्त दिव्यांवर. २०१८च्या नव्या आयबोला २२ सांधे आणि डोळ्यांत चक्क छोटे पडदे. आनंद एकच, पण दाखवायची रीत दर वेळी वेगळी.

२०२५च्या आयपीएलमधला ‘चंपक’ आठवतो? पुढच्या पायांनी बदाम करून दाखवायचा. गंमत वाटायची, पण बदाम ही माणसाची खूण. कुठला कुत्रा असं करतो?

काहीजण म्हणतील, यंत्राने काम करावं, लाड कशाला? जपानमध्ये इसुमीच्या कोफुकुजी मंदिरात २०१५ पासून बंद पडलेल्या आयबोंसाठी प्रार्थना झाल्या. माणसं एवढी गुंतली ती काय नुसत्या मोटरींमुळे?

उत्तर मला घरीच सापडलं. बावड्याला अकलूज गाडीतून उतरलो की आमचा मोत्या धावत येतो. ऊसाच्या ट्रॉलीखाली त्याची शेपटी पिल्लूपणीच गेली. पण गडी आनंदाने अख्खं ढुंगण हलवतो! इतकी वर्षं बघत होतो, पण दिसलं नव्हतं.

हॉस्टेलवर परतल्यावर मागच्या दोन पायांच्या खुब्याच्या मोटरी एकाच बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झुलवल्या. वेग तीनदा बदलला. हळू केलं की लंगडल्यासारखं दिसायचं. शेवटी मेसच्या मावशी दारातून म्हणाल्या, “अगंबाई, लाडात आलंय की हे!”

म्हणून मित्रांनो, पुढच्या बॅचला एकच सांगणं: आमचे कोन मागायला येऊ नका. आधी मेसमागच्या कुत्र्यांपाशी तासभर बसा. चपाती घेऊन जा.