एक्सेलमध्ये न मावणारा लेफ्ट बॅक

मेसमध्ये मेस्सी की रोनाल्डो हा वाद पोळ्या संपेपर्यंत चालतो, त्याला कुणाची हरकत नाही. पण हल्ली या वादात एक्सजी, प्रोग्रेसिव्ह पास असले शब्द आलेत आणि आता हे लोण आपल्या ग्राउंडवरही पोचलंय. यंदा कॉलेजची टीम आकड्यांवरून निवडावी अशी टूम निघाली आहे. प्रत्येकाचे गोल, पास, टॅकल एक्सेल शीटमध्ये भरायचे, सॉर्ट मारायचा आणि वरचे अठरा घ्यायचे! वशिल्यापेक्षा हे बरं, असं पुष्कळांना वाटतं. वशिला मलाही नकोच. पण मित्रहो, सॉर्ट मारण्यापूर्वी जरा थांबा.

आधी आकड्यांची बाजू ऐकू. एक्सजी म्हणजे काय? शॉट कुठून मारला, कोन किती होता, पायानं की डोक्यानं, हे बघायचं आणि पूर्वीच्या हजारो तशाच शॉट्सपैकी किती गोल झाले ते काढायचं. पेनल्टीला साधारण पाऊण गोल मिळतो, लांबून मारलेल्या शॉटला काही शतांशच. नुसते गोल मोजण्यापेक्षा हे नक्कीच शहाणपणाचं. बॉरुसिया डॉर्टमुंड २०१४-१५ मध्ये सातव्या नंबरवर राहिली, तेव्हा लोक म्हणाले, क्लॉप संपला. लिव्हरपूलच्या आकडेतज्ज्ञाच्या हिशेबानं मात्र टीम चांगली खेळत होती, नशीब खराब होतं. त्याच क्लॉपनं पुढे लिव्हरपूलला युरोपचं आणि इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. म्हणजे आकडे उपयोगी आहेत, यात वाद नाही.

मग गडबड कुठे होते? पहिली गडबड तुलनेची. चार्ल्स रीप नावाच्या इंग्लिश गृहस्थानं १९५० पासून सामने बघून प्रत्येक चाल वहीत टिपली. त्याला दिसलं की दहातले आठ गोल तीन किंवा कमी पासच्या चालींतून होतात. निष्कर्ष काढला, पास कमी करा, चेंडू लांब मारा! पण मुळात नव्वद टक्क्यांहून जास्त चाली तीन पासच्या आतच संपतात, हे त्यानं नीट लक्षात घेतलं नाही. कॉलेजात निम्मी पोरं मेकॅनिकलची असतील, तर केटी लागलेल्यांतही निम्मी मेकॅनिकलचीच निघणार. त्यात मेकॅनिकलचा काय दोष?

दुसरी गडबड सॅम्पलची. मोहम्मद सालाह चेल्सीकडून लीगचे १३ सामने खेळला, गोल २. शीटमध्ये हा पोरगा तळाला गेला असता. २०१७ मध्ये लिव्हरपूलनं त्याला घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्यानं लीगच्या ३६ सामन्यांत ३२ गोल केले. आपल्या महाराष्ट्राचंच बघा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताच्या आक्रमक फळीत खेळला. समोर अमेरिका, कोलंबिया आणि घाना. तीन सामने, तिन्ही पराभव. भारताचा एकुलता एक गोल मिडफिल्डर जिक्सन सिंगनं कॉर्नरवर हेड मारून केला. म्हणजे अनिकेतच्या नावापुढे शून्य! त्यावरून त्याला नापास करायचं? पुढे तो जमशेदपूर आणि हैदराबादकडून आयएसएल खेळला. आपल्या इंटरकॉलेज स्पर्धेत तर नॉकआउट असतं, हरला की घरी. दोन-तीन सामन्यांवर सरासरी काढणं म्हणजे एका टेस्टवरून डिग्री देणं.

तिसरी गडबड मोजमापाची. चाकणच्या प्लँटमध्ये इंटर्नशिप केलेल्यांना विचारा, जॉब मोजण्याआधी गेज तपासतात. तोच जॉब दोन ऑपरेटरनी मोजून वेगळं माप आलं, तर दोष जॉबचा नाही. मोठ्या लीगमध्ये कॅमेरे असतात, तरी दोन कंपन्यांचे एक्सजी तंतोतंत जुळत नाहीत. आपल्याकडे पास मोजणार कोण? टचलाइनवर वही घेऊन बसलेला फर्स्ट इयरचा पोरगा. त्याचं अर्धं लक्ष वडापावाकडे!

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जे घडलंच नाही ते कोण मोजणार? चांगला लेफ्ट बॅक अशा जागी उभा राहतो की त्याच्या बाजूनं पासच येत नाही. टॅकल शून्य, अडवलेले चेंडू शून्य. जो दर वेळी जागा चुकतो आणि धावत येऊन घसरतो, त्याचे टॅकल भरपूर. सॉर्ट मारला की दुसरा टीममध्ये आणि पहिला प्रेक्षकांत. थर्ड इयरपर्यंत इमानानं रोज सकाळी सहाला ग्राउंडवर येणाऱ्या पोरावर हा अन्याय आहे, आणि तोही संगणकाच्या नावानं. वशिल्याविरुद्ध निदान भांडता तरी येतं.

आता कुणी म्हणेल, मग डोळ्यांवर सोडा. तेही नको. डोळ्याला शेवटच्या मिनिटाचा गोल आठवतो, आधीचे ऐंशी मिनिटांचे घोळ आठवत नाहीत. म्हणून माझं म्हणणं एवढंच. वही ठेवा, पण दोघांनी स्वतंत्र मोजा. एका मोसमाचे नाही, दोन-तीन मोसमांचे आकडे जमू द्या. फॉरवर्डची तुलना फॉरवर्डशीच करा, आणि समोरची टीम कोणती होती तेही लिहा. आकडा आणि सरांचं मत जुळलं नाही, तर त्या पोराला आणखी एक सामना खेळवून बघा. कुणाला काढायचं तर कारण सांगून काढा, नुसता रँक दाखवून नको.

आपण देहूत राहतो. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. आपली वही बुडवा, असं मी म्हणत नाही. पण वहीतल्या नावामागे माणूस आहे, एवढं टीम निवडणाऱ्यांनी ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.