निवडलेली सोबत, टिकवलेली सोबत

ऑनलाइन खेळांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दोनच सुरांत. एक सूर चिंतातुर पालकांचा, मुले बिघडली असे सांगणारा. दुसरा सूर उद्योगवार्तांचा, या धंद्यात किती कोटींची उलाढाल झाली हे सांगणारा. खेळात प्रत्यक्ष काय घडते, खेळणारा तेथे कोणते निर्णय घेतो आणि त्या निर्णयांचा अर्थ काय, याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहावे असे क्वचितच कोणाला वाटते. वास्तविक कल्पित विश्वात एखादी भूमिका घेऊन खेळायचे हे खेळ म्हणजे आख्यानाचाच एक प्रकार. त्यात नायक असतो, प्रवास असतो, संकटे असतात, आणि पुष्कळदा नायकाबरोबर चालणारा एक प्राणी असतो. येथे मला बोलायचे आहे ते फक्त त्या प्राण्याविषयी. तो कसा निवडला जातो, कसा शिकवला जातो, आणि त्यातून सोबतीची कोणती कल्पना खेळणाऱ्याच्या मनात रुजते, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

उदाहरण म्हणून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' घेऊ. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या या खेळात 'हंटर' म्हणजे शिकाऱ्याची भूमिका घेणाऱ्याला दहाव्या पातळीवर रानातले एखादे जनावर माणसाळवता येई. त्यासाठी वीस सेकंद त्या जनावरासमोर उभे राहावे लागे, आणि तेवढा वेळ ते शिकाऱ्याला ओरबाडत, चावत असे. माणसाळल्यावर खरी परीक्षा सुरू होई. जनावराला भूक होती. लांडग्याला मांस लागे, रानडुक्कर मिळेल ते खाई. वेळेवर खाऊ घातले नाही तर ते नाखूश होई आणि त्याचा मारा पाऊण पटीवर येई. संतुष्ट ठेवले तर तोच सव्वापट होई. शिवाय निष्ठेच्या सहा पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर जनावर बंडखोर मानलेले, शेवटच्या पायरीवर जिवलग मित्र. खालच्या पायरीवर असताना आबाळ झाली तर ते चक्क निघून जाई. रागाने, कायमचे.

शिकवण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी होती. आपल्या रानडुकराला अधिक चांगला चावा शिकवायचा तर तो चावा येणारे दुसरे जनावर शोधायचे, ते माणसाळवायचे, त्याच्या जोडीने लढत राहून ती विद्या आधी स्वतः शिकायची आणि मग आपल्या जनावराला द्यायची. तोवर आपले जनावर तबेल्यात राही. तबेल्यात सुरुवातीला जागा दोनच. त्या भरल्या की नवे जनावर घेण्यासाठी एखादे जुने सोडून द्यावे लागे, आणि सोडलेले परत येत नसे. निवड म्हणजे एकाचा स्वीकार आणि दुसऱ्याचा त्याग, ही गोष्ट खेळ कोणताही उपदेश न करता सांगत होता.

अर्थात खेळणाऱ्यांनी लवकरच कोष्टके तयार केली. कोणते जनावर किती वेगाने चावते, कोणाचे चिलखत जाड, याची मोजदाद झाली. 'ब्रोकन टूथ' नावाचे एक रानमांजर दर सेकंदाला एकदा हल्ला करी, म्हणून त्याच्या दर्शनासाठी लोक तासन् तास दबा धरून बसत. पुढे सर्व जनावरांचा वेग सारखा करण्यात आला. त्याहून महत्त्वाचा बदल असा की २००८ मध्ये निष्ठेच्या पायऱ्या काढून टाकल्या गेल्या आणि त्यानंतर काही वर्षांत भूकही गेली. तबेल्यातल्या जागा वाढत वाढत शेकड्यांत गेल्या. जनावर आता उपाशी राहत नाही, रुसत नाही, निघूनही जात नाही. कारण सरळ होते. खेळणाऱ्यांना ती कटकट वाटत होती.

येथे मला थांबावेसे वाटते. कटकट म्हणून जे काढले गेले ते नेमके काय होते? नकार देण्याची जनावराची शक्ती. ती गेल्यावर उरले ते एक हत्यार, ज्याला चार पाय आहेत आणि ज्याला नाव देता येते. आपल्याकडची मुले मोबाइलवर जे खेळतात त्यांत तर बहुतेकदा आरंभापासूनच हे असे आहे. 'फ्री फायर' हा काही आख्यानाचा खेळ नव्हे, तो गोळीबाराचा खेळ. पण त्यातही सोबतीला प्राणी आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावर भारतात बंदी आली तरी त्याची 'मॅक्स' आवृत्ती खेळली जात राहिली. त्यातला ससाणा घ्यायचा तो आकाशातून उतरण्याचा वेग वाढतो म्हणून. ससाण्याला काय हवे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

यावर एक उत्तर सहज सुचते: पूर्वी गावात माणूस आणि जनावर यांचे नाते खरे होते, पडद्याने ते खोटे केले. हे उत्तर मला मान्य नाही, कारण ते अर्धेच खरे आहे. अंबाडीच्या परिसरात, म्हणजे भिवंडी–वाडा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, भातशेती बैलावर चालत असे तेव्हा बैलाची निवड काही प्रेमकथा नव्हती. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेतला बैलबाजार ठाणे जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. गुरांच्या बाजारात तोंड उघडून दात मोजतात. आदत, दुसा, चौसा अशी वयाची पायरी दातांवरून ठरते. खूर दाबून पाहतात, वशिंड चाचपतात, चालवून पाहतात. मग टॉवेलाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा ठरतो. बैल मारका आहे का, जू खांद्यावर येताच बसकण मारतो का, याची चौकशी होते. मुसळधार पावसाच्या आमच्या पट्ट्यात डांगी जातीला मान, कारण तिच्या तेलकट कातडीवरून पाणी निथळून जाते आणि खूर कठीण असतात. हेही एक कोष्टकच आहे. ते पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आले एवढाच फरक.

शिकवणेही तसेच. गोऱ्ह्याला वेसण घालायची, खच्ची करायचे आणि मग जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपायचे. कुठे वळायचे, चिखलणीत पाय कसा टाकायचा, हे नवा बैल शेजारच्याकडून शिकतो. एका जनावराची विद्या दुसऱ्याकडे जाण्याची जी रीत त्या खेळात होती तिचा नमुना आपल्या खाचरात असा शतकानुशतके दिसत होता. आणि शेवट? म्हातारा बैल विकला जात असे. तो कोठे जातो हे विकणाऱ्याला ठाऊक असे आणि तो विचारीत नसे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे नको. परंतु त्यामुळे एक गोष्ट उघडी पडली, ती ही की काम संपलेल्या जनावराला दावणीवर ठेवणे हा फार थोड्यांना परवडणारा धर्म आहे. पोळ्याला पुरणपोळी भरवणारे हात आणि बाजारात कासरा दुसऱ्याच्या हाती देणारे हात एकच होते. त्या हातांना दोष देण्याचा अधिकार पगारावर जगणाऱ्या माझ्यासारख्याला नाही.

तेव्हा उपयोग पाहून निवड करणे हे पाप पडद्यावर जन्मले नाही. मग फरक कोठे आहे? माझ्या मते तो नकारात आहे. खरा बैल बसकण मारू शकत होता, शिंग उगारू शकत होता, नव्या मालकाकडचे दावे तोडून जुन्या गोठ्यात परत येऊ शकत होता. प्रेमचंदांची 'दो बैलों की कथा' (१९३१) ज्यांनी वाचली आहे त्यांना हीरा आणि मोती आठवतील. ती कथा उभीच आहे या परत येण्यावर. जनावराच्या नकाराशी झुंजता झुंजता माणसाला स्वतःच्या हट्टाची मर्यादा कळत असे. चाबूक कोठे थांबवायचा हे त्याला बैलच शिकवीत असे. अर्थात काही जण ते कधीच शिकले नाहीत.

बैलगाडा शर्यतींचा वाद आठवला तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा बैलाची शरीररचना धावण्यासाठी नाही, असे कारण दिले होते. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या साऱ्या काळात गावोगावी परंपरा, अस्मिता, खिलार वंशाचे जतन यांवर तावातावाने बोलले गेले. बैलाला धावायचे आहे का, हा प्रश्न मात्र विचारणाऱ्याचीच थट्टा झाली. शर्यतीचा बैल सेकंदांवर तोलला जातो, आणि पडद्यावरचे रानमांजरही सेकंदांवरच तोलले जात होते. ज्यांना मुलांच्या मोबाइलची चिंता वाटते त्यांनी घाटातल्या घड्याळाकडेही एकदा पाहावे.

आता दुसरी बाजू. विद्यार्थ्यांशी बोलताना मला असे आढळले आहे की कोष्टक पाठ असणारी मुलेही पुष्कळदा कोष्टकाप्रमाणे वागत नाहीत. अधिक बलवान प्राणी मिळाला तरी पहिला, दुबळा प्राणी काही जण सोडत नाहीत. त्याला सर्जा, वाघ्या, मोत्या अशी नावे देतात. ही नावे त्यांच्या आजोबांच्या गोठ्यातली आणि अंगणातली आहेत. तो का ठेवला असे विचारले तर उत्तर साधे असते: "पहिला आहे ना तो." या उत्तरात उपयोगाचा हिशेब नाही. खेळाच्या कर्त्यांनी निष्ठा काढून घेतली ती जनावराची. खेळणाऱ्याची निष्ठा काढून घेणे त्यांच्या हाती नव्हते.

आणि याला मोठ्या प्रमाणावरचा दाखलाही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची जुन्या स्वरूपातली 'क्लासिक' आवृत्ती पुन्हा सुरू करावी लागली, कारण खेळणाऱ्यांनी ती वर्षानुवर्षे मागितली होती. त्या जुन्या स्वरूपाबरोबर जनावराची भूक परत आली, रुसवा परत आला, निघून जाणेही परत आले. सर्वांनी ती काही भुकेसाठी मागितली नव्हती, हे खरे. पण भूक आहे म्हणून नाकारलीही नाही. जी कटकट नको म्हणून काढली होती तिच्यासकट लोकांनी तो खेळ जवळ केला. ज्याची काळजी घ्यावी लागत नाही त्याच्यावर जीव जडत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले असावे.

महाभारतातील महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराबरोबर जाणारा कुत्रा या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. युधिष्ठिराने तो निवडला नव्हता. तो शिकवलेला नव्हता, त्याच्या अंगी कोणते कौशल्य असल्याचाही उल्लेख नाही. हस्तिनापुराहून तो आपण होऊन मागे आला आणि द्रौपदी व चारही भाऊ वाटेत पडल्यावरही चालत राहिला. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून ये म्हणतो, युधिष्ठिर नाकारतो. भावांना सोडलेस, मग कुत्र्याचे काय, या इंद्राच्या युक्तिवादाला त्याचे उत्तर असे की ते मृत झाल्यावर मागे राहिले, जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे नंतर उघड होते आणि आपण त्या चमत्काराकडेच पाहत राहतो. पण नकार देताना युधिष्ठिराला ते माहीत नव्हते. त्याच्या दृष्टीने ते एक साधे, निरुपयोगी कुत्रे होते. सोबतीची कसोटी उपयोग संपल्यावर सुरू होते, हे व्यासांना सांगायचे असावे असे मला वाटते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. नव्याने खेळायला बसलेल्या मुलाने कोणता प्राणी निवडावा, असा सल्ला कोणी विचारलाच तर कोष्टकातला पहिला प्राणी घ्या असे मी सांगणार नाही. ज्याला उपास घडतो, ज्याला रुसता येते, जो सोडून जाऊ शकतो असा प्राणी असलेला खेळ निवडा, आणि मग प्राणी कोणताही घ्या. खेळ बनवणाऱ्या मराठी मुलांची संख्याही आता वाढते आहे. त्यांनी आपल्या कल्पित विश्वात एखादा डांगी बैल आणला तर मला आनंदच होईल. मात्र त्याला बसकण मारण्याची मुभा असावी, आणि तो म्हातारा व्हावा. त्या म्हातारपणी त्याचे काय करायचे हे खेळणाऱ्याला ठरवावे लागावे.

आम्हा शिक्षकांनाही यात काही करता येण्यासारखे आहे. 'माझा आवडता प्राणी' हा निबंध शाळेपासून घोकून घेतला जातो, आणि त्यातली गाय अजूनही फक्त उपयुक्तच असते. दूध देते, शेण देते, बैल देते. महाविद्यालयात आलेल्या मुलांना एकदा वेगळा विषय देऊन पाहावा: 'ज्याचा काहीच उपयोग उरला नव्हता तरी मी ज्याला सोडले नाही असा प्राणी'. तो गोठ्यातला असो की पडद्यावरचा. लिहिण्याजोगे काही कोणाकडे नसेल तर कोरा कागदही आपल्याला बरेच काही सांगून जाईल. माझा अंदाज असा की कागद कोरे येणार नाहीत.