सोल्यूशनच्या डब्यावर रोजच्या मात्रेचाही हिशेब हवा

पर्स, बॅगा, चपला, बूट यांच्या धंद्यात सोल्यूशनशिवाय पान हलत नाही. धारावी असो की मदनपुरा, चामड्याच्या आणि रेक्झिनच्या गाळ्यांत दिवसभर ब्रश चालतो. डबा घेताना आपण तीन गोष्टी विचारतो: भाव काय, पकड कशी, सुकायला वेळ किती? चौथा प्रश्न मात्र राहून जातो. रोज दहा-बारा तास हा वास घेणाऱ्या कारागिराच्या शरीराचे काय होते? हा प्रश्नही खरेदीच्या वेळीच विचारला पाहिजे, असे आमचे मत आहे.

"इतकी वर्षे विकतो आहोत, कुणाला काही झाले नाही," हे विक्रेत्याचे ठरलेले उत्तर. तो खोटे बोलतो असे नाही, पण त्याचा हिशेब अपुरा आहे. विषाची परीक्षा दोन प्रकारे होते. पहिलीत प्राण्याला एकदाच मोठी मात्रा देतात आणि निम्मे प्राणी किती मात्रेला मरतात ते पाहतात. दुसरीत लहान मात्रा रोज देत राहतात आणि शरीर हळूहळू कुठे खचते ते तपासतात.

अनेक सोल्यूशनांत वापरले जाणारे एन-हेक्सेन हे द्रावक घ्या. पहिल्या परीक्षेत ते जवळजवळ निर्दोष ठरते. उंदरांच्या प्रयोगात खाण्याच्या मिठाची मारक मात्रा दर किलो वजनाला सुमारे ३००० मिलिग्रॅम आहे. हेक्सेनची ५००० च्याही बरीच वर आहे. म्हणजे या कागदावर हेक्सेन मिठापेक्षाही सौम्य! पण रोज श्वासातून जाणाऱ्या हेक्सेनचे यकृतात २,५-हेक्सेनडायोन नावाचे द्रव्य बनते आणि ते हातापायांच्या नसा पोखरते. आधी पायाची बोटे बधिर होतात, मग हाताची. पुढे पकड सुटते, चालताना पाय लटपटतात. काम बंद केल्यावरही काही महिने त्रास वाढत राहू शकतो आणि बरे व्हायला कित्येक महिने, कधी वर्षे लागतात.

हे प्रयोगशाळेच्या आधी कारागिरांनीच भोगले आहे. इस्तंबूलच्या बूट कारागिरांत १९६७ ते १९७३ या काळात डॉ. मुजफ्फर अक्सोय यांना रक्ताच्या कर्करोगाचे २६ रुग्ण आढळले. कारण होते सोल्यूशनमधले बेंझीन. इटलीने १९६३ साली कायद्याने बेंझीनला लगाम घातला, तेव्हा त्याची जागा हेक्सेनने घेतली आणि तिथल्या पादत्राण कामगारांत नसांचा आजार दिसू लागला. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरी बसून सॅण्डल चिकटवणाऱ्यांचीही हीच गत झाली. एक विष काढून दुसरे आणले, पण रोजच्या मात्रेत ते काय करील हे आधी तपासले नाही, त्याचा हा परिणाम.

आज या तपासणीची पद्धत ठरलेली आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८१ सालीच २८ आणि ९० दिवसांच्या चाचण्यांचे नियम घालून दिले. प्राण्यांचे गट करून कमी, मध्यम व जास्त मात्रा देतात, एका गटाला काहीच देत नाहीत. शेवटी रक्त, यकृत, मूत्रपिंड, नसा तपासून कोणत्या मात्रेपर्यंत अपाय दिसला नाही ते ठरवतात. त्या आकड्यावरून माणसासाठी सुरक्षित पातळी काढतात.

हा आकडाही डोळे झाकून घेण्याजोगा नाही. श्वासाच्या चाचणीत प्राणी साधारणपणे दिवसाला सहा तास, आठवड्याला पाच दिवस तो वायू घेतो. आपला कारागीर सीझनला बारा तास बसतो आणि अनेकदा त्याच गाळ्यात झोपतो. शिवाय चाचणी बहुधा एकेका रसायनाची होते, डब्यात मात्र मिश्रण असते. मिथाइल इथाइल किटोन सोबत असले की हेक्सेनचा नसांवरचा मारा वाढतो. तज्ज्ञांतही एकमत नाही. अमेरिकेत कायद्याची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत हेक्सेनचे ५०० भाग आहे, तर तिथल्याच सरकारी संशोधन संस्थेचा सल्ला ५० चा आहे. फरक दहापट! अशा वेळी धंदेवाल्याने कडक आकडा धरावा, हेच शहाणपण.

मग करायचे काय? ठोक खरेदी करणाऱ्या शेठ लोकांनी विक्रेत्याकडून मालाचे सुरक्षा माहितीपत्रक मागावे. त्यातील अकराव्या भागात विषारीपणाची माहिती असते. तिथे 'वारंवार संपर्क' ही ओळ वाचावी. ती कोरी असेल तर माल निर्धोक आहे असे समजू नये. तपासणी झाली नाही, असाही तिचा अर्थ असू शकतो. चार-पाच कारागिरांच्या गाळ्यावर फॅक्टरी इन्स्पेक्टर सहसा येत नाही, म्हणून ही जबाबदारी मालकाचीच. एकट्या गाळेवाल्याला दुकानदार दाद देणार नाही, पण बाजारातल्या वीस जणांनी मिळून कागद मागितला तर द्यावाच लागेल.

तोवर डब्याला झाकण ठेवा, वास बाहेर फेकणारा पंखा लावा, सोल्यूशनच्या खोलीत झोपणे बंद करा, हात थिनरने धुऊ नका. कुणाची बोटे बधिर होत असतील तर डॉक्टरला कामाचे स्वरूप सांगा. हेक्सेनचा अंश लघवीच्या तपासणीत कळू शकतो.

पंख्याचा खर्च जड वाटेल, पण उस्ताद कारागिराची बोटे हेच या धंद्याचे भांडवल आहे. त्याचा हात गेला तर त्याचे घर बसते आणि मालकाचा मालही. डब्याच्या भावात हा खर्च धरल्याशिवाय सोल्यूशन स्वस्त आहे असे म्हणू नये.