प्रायव्हेट बीच म्हणे!

बाबांची पंच्याहत्तरी कशी साजरी करायची यावर आमच्या घरी महिनाभर खल चालला होता. हॉल घ्यायचा की सत्यनारायण घालायचा, इथपर्यंत गाडी आली आणि दादाने परस्पर प्रश्न निकालात काढला. अलिबागजवळ समुद्रावरचा एक व्हिला. दोन रात्री, अकरा माणसं, नव्वद हजार रुपये. (निवृत्तीच्या वेळी बाबांच्या हातात पडणाऱ्या पाच-सहा महिन्यांच्या पगाराएवढे. अर्थात हे त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते भाऊच्या धक्क्यावर रो-रोत चढलेच नसते.)

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नागाव-चौलच्या पट्ट्यातलं एक गाव समजा. आणि खोटं कशाला बोलू, व्हिला सुंदर होता. जमिनीपासून छतापर्यंत काचा, प्रत्येक खोलीला एसी, आईच्या गुडघ्यांना झेपेल असं न्हाणीघर, आणि समोर निळाशार तलाव. त्या तलावाच्या पलीकडे, सुरूच्या झाडांतून, समुद्र. पोरं दोन दिवस त्या तलावातून बाहेर आली नाहीत. अरबी समुद्र शंभर पावलांवर, आणि आमची अकरा माणसं क्लोरीनच्या पाण्यात. समुद्र हा तिथे वॉलपेपर होता.

मी तळ्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजली. (माझी ही सवय बायकोला अजिबात आवडत नाही.) साधारण ३० फूट बाय १५ फूट, खोली ४ फूट. म्हणजे ५० हजार लिटरच्या वर गोडं पाणी. दहा हजार लिटरचे पाच टँकर. कोकणात पाऊस धो धो पडतो हे मलाही माहीत आहे, पण किनाऱ्यावरचं गोडं पाणी ही फार नाजूक चीज असते. जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असतं. वरचं एक फूट उपसलंत, की कालांतराने खालचं खारं पाणी त्याच प्रमाणात वर चढतं. रहाटाने आणि बैलाने जितकं निघायचं तितकं विहिरीला सोसत होतं. बोअरवेलच्या पंपाचं तसं नाही. आणि एकदा विहीर खारी झाली की नारळ कसाबसा तग धरतो, सुपारी नाही.

असो. पाण्याचं दुःख जुनंच आहे. मला खरा राग आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

बाबा पहाटे उठतात. मी चहा घेऊन बाहेर आलो तर ते कंपाउंडच्या मागच्या फाटकाशी उभे. या फाटकातून थेट वाळूवर उतरता येतं. जाहिरातीत त्यालाच 'प्रायव्हेट बीच ॲक्सेस' म्हटलं होतं. भिंतीच्या कडेने दोन बायका पाट्या घेऊन येत होत्या, ओहोटीच्या वेळी खडकावरची कालवं काढायला निघालेल्या. वॉचमनने त्यांना हटकलं. गेस्ट आहेत, इथून नाही, पलीकडून जा. पलीकडून म्हणजे रस्त्याने मागे जायचं आणि पार खाडीकडच्या टोकाने उतरायचं. दीड किलोमीटर तरी असेल. त्या काही बोलल्या नाहीत, वळल्या. रोजचंच असावं.

बाबांनी त्यांना थांबवलं, कुठल्या आळीतल्या वगैरे विचारलं. वयाने मोठी होती ती म्हणाली, ही आमचीच वाट होती, भिंत झाली तेव्हापासून बंद. वर म्हणाली, ओहोटी थांबत नाही ना आमच्यासाठी.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि खडक उघडे राहतात ते दोन-तीन तास. त्यातला पाऊण तास जाण्या-येण्याच्या वळशात गेला, तर पाटी तेवढी हलकी. आमच्या 'प्रायव्हसी'ची किंमत नव्वद हजार नव्हती. त्यातला काही भाग रोज सकाळी त्या बायका भरत होत्या, आणि पावती आमच्या नावावर.

आता कायद्याचं बोलू. भारतात प्रायव्हेट बीच नावाची गोष्ट नाही. भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा कुणाच्याही सातबाऱ्यावर चढत नाही, तो सरकारचा, म्हणजे लोकांचा. खासगी करता येते ती फक्त तिथे पोचायची वाट. सगळी मेख इथेच आहे. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटर मोकळे ठेवायला सांगितलं होतं. १९९१ साली सीआरझेडची अधिसूचना आली, २०११ साली नवी आली, २०१९ साली आणखी नवी, आणि या शेवटच्या खेपेला दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आला. २०११च्या नियमांत हॉटेलांसाठी अट आहे: लोकांना समुद्रावर जाता यावं म्हणून दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटरची मोकळी जागा सोडा. पण आमचा व्हिला हॉटेल कुठे होता? कागदावर ते एका 'शेतकऱ्याचं' राहतं घर! कूळ कायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून आधी कुठेतरी शेतकरी व्हायचं, मग इथे वाडी घ्यायची, मग तिच्यात घर बांधायचं आणि रात्रीच्या भावाने द्यायचं. २० मीटर सोडायला हॉटेल असावं लागतं.

कारवाई होत नाही असं नाही. किहीमच्या किनाऱ्यावरचा एका फरारी हिरेव्यापाऱ्याचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला. टीव्हीवर मस्त दिसलं. पण त्यासाठी मालकाला आधी फरार व्हावं लागलं.

तुम्ही म्हणाल, गावकऱ्यांनीच विकलं ना? हो, विकलं. आम्हीही विकलं. पलीकडच्या गावात आमची वाडी होती, २००६ साली बाबांनी आणि काकांनी विकली. माझ्या फ्लॅटचा पहिला हप्ता त्यातूनच गेला, त्यामुळे या बाबतीत मी काही धुतला तांदूळ नाही. पण आम्ही झाडं विकली, विहीर विकली, जमीन विकली. वाडीच्या कडेने कोळीवाड्याची वाट जायची, ती आमची नव्हतीच, ती आम्ही विकणार कुठून? वीस वर्षं बिनहरकत वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क सांगता येतो, हे १८८२च्या कायद्यात लिहिलेलं आहे. तो हक्क सांगायला कोर्टात जावं लागतं, आणि कोर्टाच्या तारखेला ओहोटी चुकते.

आणि रोजगाराचं म्हणाल तर तो आहे. वॉचमन, बागेला पाणी घालणारा, झाडलोट करणारी एक बाई. जेवण मात्र आचाऱ्याच्या हातचं पास्ता आणि पनीर टिक्का. सुरमईचा एक तुकडा मागितला तर म्हणे आदल्या दिवशी ऑर्डर द्यावी लागते. भिंतीपलीकडे कोळीवाडा आहे हो! नागावात आजही घराघरांवर 'राहण्या-जेवणाची घरगुती सोय' अशा पाट्या आहेत. तिथे आपले पैसे त्याच घरात जातात. तिथल्या गाद्या पातळ असतात, डासही असतात, आणि आईसाठी मी ते घर निवडलं नसतं हेही खरं. मला त्या काचांचा राग नाही. फाटकाला कुलूप कशाला, एवढंच विचारतो.

हे मी दादाला परतीच्या बोटीवर बोललो. तो म्हणाला, तू दोन दिवस एसीत झोपलास ना, मग गप बस. बाबा काही बोलले नाहीत. मांडवा मागे पडेपर्यंत रेलिंगला धरून किनाऱ्याकडे बघत उभे होते.

घरी आल्यावर व्हिलावाल्यांचा निरोप आला, अभिप्राय लिहा. मी चार तारे दिले आणि लिहिलं, की मागची वाट गावकऱ्यांसाठी मोकळी करावी. दोन दिवसांनी उत्तर आलं. आपल्या सूचनेबद्दल आभार, मागच्या वाटेवर लवकरच जास्त दिवे लावण्यात येतील.