जमिनीचा अहवाल आणि परवानगीची फाईल

१९७६ साली गढवालचे तत्कालीन आयुक्त महेशचंद्र मिश्रा यांच्या समितीने जोशीमठविषयी अहवाल दिला. हे गाव मूळ खडकावर नव्हे, तर जुन्या दरडीच्या वाळू-दगडांवर वसले आहे. सबब जमिनीची भारक्षमता तपासल्याखेरीज मोठी बांधकामे होऊ देऊ नयेत, झाडे तोडू नयेत आणि पाण्याचा निचरा नीट करावा, असे त्यात स्वच्छ सांगितले होते.

पुढे बदरीनाथच्या वाटेवरील हे गाव बहुमजली हॉटेलांनी भरले. सांडपाणी त्याच ढिगाऱ्यात मुरत राहिले. जानेवारी २०२३ पर्यंत ८०० हून अधिक घरांना तडे गेले. उपग्रहांच्या नोंदींनुसार १२ दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली. जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याचा यात किती वाटा, याविषयी वाद आहे. निचऱ्याच्या अभावाविषयी फारसा नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. जमिनीच्या भावात रस्ता आणि देखावा धरला जातो, पोटातील माती धरली जात नाही. शिवाय उताराची भारक्षमता ही सामाईक ठेव आहे. वरच्याने मजला चढवावा, भाडे घ्यावे. भार आणि पाणी मात्र खालच्याच्या भिंतीत उतरावे. हा हिशेब बाजार जुळवीत नाही; तो शासनानेच जुळवायचा असतो.

आणि येथेच आम्ही अधिकारी उणे पडतो. बांधकाम परवानगीच्या अनेक फायली माझ्या नजरेखालून गेल्या आहेत. मालकी, नकाशा, कराची पावती, सारे जागच्या जागी असे. मातीविषयीचा कागद क्वचितच. तो नसल्याबद्दल मीही प्रत्येक वेळी विचारणा केली नाही, हे कबूल केले पाहिजे.

डोंगरातील माणसाने घर बांधूच नये काय, असा प्रश्न रास्त आहे. सरसकट बंदी हे उत्तर नव्हे. उतारनिहाय भाराची मर्यादा ठरवावी, छोट्या घराच्या माती-परीक्षणाचा खर्च शासनाने सोसावा आणि धोक्याची नोंद जमिनीच्या उताऱ्यावरच करावी, म्हणजे घेणाऱ्याला ती खरेदीपूर्वी दिसेल. माळीण (२०१४) व इर्शाळवाडी (२०२३) आठवणाऱ्या मराठी वाचकाला याचे महत्त्व सांगावयास नको.

तज्ज्ञांचा सल्ला परवानगीची अट होत नाही, तोवर तो कपाटातच राहील. मिश्रा समितीचा अहवाल ४७ वर्षे तसाच राहिला.