‘इंग्रजी सुधारा’ या शेऱ्यापलीकडे

शोधनिबंधावर ‘इंग्रजी सुधारा’ एवढाच शेरा येतो, तेव्हा नेमके काय सुधारायचे हे विद्यार्थ्याला उमगत नाही. प्रयोगशाळेत एकाच नोंदीवरून निष्कर्ष न काढणारा हा विद्यार्थी भाषेच्या बाबतीत मात्र ‘असेच लिहितात’ या कुणाच्याही शब्दावर विसंबतो. वास्तविक भाषेचाही विदा असतो आणि तो तपासता येतो.

कॉर्पस म्हणजे प्रत्यक्ष वापरातील मजकुराचा संगणकीय संग्रह. त्यात ‘एव्हिडन्स’ हा शब्द शोधला की तो ज्या ज्या वाक्यांत आला ती एकाखाली एक उभी राहतात; शब्द मधोमध, दोन्ही बाजूंना त्याचे सोबती. डावीकडे ‘स्ट्राँग’, ‘प्रोव्हाइड’. उजवीकडे ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘दॅट’. नामाचे बहुवचन मात्र क्वचितच. मराठीत पुराव्याचे पुरावे होतात, म्हणून आपल्याकडे ‘एव्हिडन्सेस’ लिहिले जाते. ‘डिस्कस अबाउट’च्या मागेही मराठीतील ‘विषयी’ किंवा हिंदीतील ‘के बारे में’ उभे असते. चुकीचे मूळ असे स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की नियम पाठ करावा लागत नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठातील टिम जॉन्स यांनी याच पद्धतीला ‘डेटा-ड्रिव्हन लर्निंग’ हे नाव दिले.

भारताला हे क्षेत्र नवे नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा कॉर्पस तयार झाला: 1978 सालचे मुद्रित साहित्य, प्रत्येकी सुमारे 2000 शब्दांचे 500 उतारे, एकूण 10 लाख शब्द. रचना अमेरिकेच्या ब्राउन कॉर्पसच्या धर्तीवर असल्याने दोन्ही इंग्रजींची तुलना शक्य झाली. वेगळे ते सारेच अशुद्ध नसते, हे अशा तुलनेतूनच कळते. भाषाशास्त्रज्ञांना हा संग्रह परिचित आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपर्यंत त्यामागची पद्धतही पोहोचू नये, ही खेदाची बाब आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वाक्य क्षणात दुरुस्त करतात, हे खरे. पण तयार दुरुस्ती तशीच स्वीकारणाऱ्याच्या पुढच्या निबंधात तीच चूक परतते.

स्वतःच्या विषयातील चाळीस-पन्नास चांगले शोधनिबंध साध्या मजकुराच्या स्वरूपात जमवावेत आणि ‘अँटकॉन्क’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडावेत; आरंभाला तेवढे पुरते. वारंवार आढळणारा प्रयोग उत्तमच असतो असे नाही. शोधनिबंधांतही झिजलेली वाक्ये पुष्कळ असतात. आणि एखादा प्रयोग मुळीच सापडला नाही, तर तो चुकीचा ठरवण्याआधी संग्रहच तोकडा नाही ना, हे पाहावे. उपकरणाची मर्यादा येथेही असतेच.